डिशवॉशर तापेना: दुरुस्तीच्या नोंदी

२९ नोव्हेंबर, शनिवार

यंत्र मोकळं उभं राहणारं, चौदा जणांच्या भांड्यांचं. २०२० सालच्या टाळेबंदीत घेतलेलं. भांड्याच्या मावशी येऊ शकत नव्हत्या आणि घरात आम्ही सगळे तिन्ही त्रिकाळ जेवत होतो. हमी कधीच संपली आहे.

तक्रार अशी. पाणी भरतं, फवारे फिरतात, पाणी निघून जातं, शेवटी शिट्टी वाजते. एरर कोड काही येत नाही. पण दार उघडलं की वाफ नाही आणि भांडी ओलीगार. साबणाची गोळी अर्धीमुर्धी विरघळून तळाशी चिकटलेली. पाटोडीच्या रश्श्याचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवला तर बाहेरून चकचकीत आणि आतून बोट फिरवलं की तेलकट. सासूबाईंचा अहवाल माझ्यापेक्षा नेमका आहे: "गंजाले हात लावून पाय व, तर्री जशीच्या तशी हाय."

आणखी एक खूण आहे. राहिलेल्या वेळेचा आकडा मधेच बराच वेळ एका जागी अडकतो आणि मग एकदम पुढे सरकतो. यंत्र पाणी तापायची वाट बघतं, ठरलेली मुदत संपली की कंटाळून पुढच्या पायरीला जातं, असा मी अर्थ लावते. सत्तर अंशांचा कार्यक्रम लावा नाहीतर साधा लावा, निकाल एकच.

मागच्या आठवड्यात कंपनीचा माणूस येऊन गेला. यंत्र उघडलं नाही, मीटर बाहेर काढला नाही. दारातून डोकावून म्हणाला, "हीटर गेला मॅडम, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." पुढे जो आकडा सांगितला तो ऐकून नवरा म्हणाला, त्यात भांड्याच्या मावशींचा वर्षभराचा पगार निघतो. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलची प्रयोगशाळा सांभाळते. न मोजता "हीटर गेला" म्हणणाऱ्या मुलाला मी जर्नलवर सही देत नाही, तर याला पैसे कसे देणार?

३० नोव्हेंबर, रविवार

यंत्र न उघडता जेवढं कळेल तेवढं आधी कळून घ्यायचं होतं.

प्रयोगशाळेतून क्लॅम्प मीटर (तारेला चिमटा लावून प्रवाह मोजणारा) आणि आमचं ते खास एक्स्टेन्शन आणलं. जाड तारेचं, सोळा अँपिअरचं, त्यात फेजची तार वेगळी काढून तिला वळसा दिलेला. क्लॅम्प एकाच तारेभोवती लावावा लागतो. अख्ख्या केबलभोवती लावला तर जाणारा आणि परत येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. दर वर्षी कुणीतरी मुलगा तसं करतोच आणि "मॅडम, लोडच नाही" म्हणून येतो.

तापमानासाठी वरच्या जाळीत एक वाटी मुद्दाम उताणी ठेवली. तिच्यात साचणारं पाणी म्हणजे आत फिरणाऱ्या पाण्याचा नमुना. दार उघडून लगेच त्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवायचा.

सत्तर अंशांचा कार्यक्रम लावला. नळाचं पाणी १६ अंश. मुख्य धुण्याच्या शेवटी वाटीतलं पाणी १८ अंश. ही दोन अंशांची वाढसुद्धा पंपाच्या घुसळण्याची आणि स्वयंपाकघराच्या उबेची असणार.

क्लॅम्प मीटर सगळा वेळ अर्ध्या अँपिअरच्या आत. तो फक्त पंप. हीटर लागला असता तर आठ अँपिअरच्या पुढे उडी दिसली असती. म्हणजे पाणी तापून लगेच गार होत नाही किंवा कमी तापतं असंही नाही. हीटरमधून प्रवाहच जात नाही. एवढं कळायला एकही स्क्रू काढावा लागला नाही.

सॉकेटही तपासलं: २२८ व्होल्ट, अर्थिंग ठीक, प्लगच्या पिना काळ्या पडलेल्या नाहीत.

३० नोव्हेंबर, रात्री

एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. हे दिवाळीनंतरच का जाणवलं?

हिशेब मांडला. मुख्य धुण्यासाठी यंत्र साधारण ४ लिटर पाणी घेतं. सोबत दहाएक किलो स्टील धरलं आणि १६ पासून ६२ अंशांपर्यंत न्यायचं म्हटलं तर पाण्याला ७७० किलोज्यूल आणि भांड्यांना २३० च्या आसपास, मिळून १००० किलोज्यूल. १.९ किलोवॉटच्या हीटरला त्यासाठी पावणेनऊ मिनिटं लागतील. यंत्राचा स्वतःचा स्टीलचा डबा आणि बाहेर जाणारी उष्णता धरली तर आणखी बरीच.

आता हेच मे महिन्यात. नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं. ४२ अंशांचं पाणी धरलं तर ६२ पर्यंत जायला जेमतेम ४३५ किलोज्यूल, पावणेचार मिनिटांचं काम. आणि हीटर अजिबात लागला नाही तरी ४२ अंशांचं पाणी तूप वितळवतं, गोळी विरघळवतं. बाहेरच्या उन्हाळ्यात भांडी आपोआप वाळतात.

म्हणजे हीटर उन्हाळ्यातच बंद पडला असला तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पावसाळ्यात थोडी कुरकुर झाली असेल ती गोळीच्या नावावर खपली. मला आठवतं, तेव्हा आम्ही गोळीचा ब्रँड बदलला होता.

३ डिसेंबर, बुधवार

कॉलेजमधून आल्यावर कागदावर साखळी काढली. पाणी तापायला काय काय जुळून यावं लागतं? तळाच्या टाकीत पुरेसं पाणी हवं. पंप जोरात फिरून दाब तयार व्हायला हवा, कारण या प्रकारच्या हीटरवर एक प्रेशर स्विच असतो. पाण्याचा दाब आला तरच तो मिटतो, म्हणजे वाट जोडतो, नाहीतर कोरडा हीटर जळेल. सेन्सरने कार्डाला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीला, "पाणी थंड आहे" असं खरं सांगायला हवं. थर्मल कटआउट (जास्त तापलं की वाट तोडणारे) मिटलेले हवेत. कार्डावरचा रिले (कॉइलने चालणारा स्विच) लागायला हवा. मग तारा, मग टोकांचे लग, आणि सगळ्यात शेवटी हीटर.

कंपनीच्या माणसाने एकदम शेवटच्या कडीवर बोट ठेवलं. असेलही तसं. पण बाकीच्या कड्या स्वस्त आहेत.

७ डिसेंबर, रविवार

उघडलं.

प्लग काढून माझ्याच खिशात. नळ बंद. तळातलं उरलेलं पाणी स्पंजने टिपलं, नाहीतर यंत्र आडवं केलं की तेच पाणी तारांवर जातं. जुनी सतरंजी अंथरून दोघांनी मिळून पाठीवर निजवलं. सासूबाई दारात येऊन उभ्या: "हे कायले खोललं व बाई, आता जोडाचं कोनं?" त्यांना म्हटलं, आई, जोडणार मीच. त्यावर त्या "बरं" म्हणाल्या आणि तरी उभ्याच राहिल्या.

तळाचा पत्रा निघाल्यावर हीटर समोरच दिसतो. स्टीलची आडवी नळी, पंपातून वर जाणारं पाणी तिच्यातून जातं. नळीच्या बगलेत प्रेशर स्विच, अंगावर कटआउट. तारांचे फोटो काढले आणि मगच पहिला लग ओढला.

हीटर, एक तार सोडवून: २७.४ ओहम. २२८ व्होल्टवर त्यातून ८.३ अँपिअर जातील, म्हणजे १.९ किलोवॉट. हीटर शाबूत आहे.

दोन्ही तारा सोडवून मेगरने ५०० व्होल्टवर हीटर आणि बॉडीमधलं इन्सुलेशन पाहिलं. शंभर मेगाओहमच्या वर. इथे एक गोष्ट मुलांना ओरडून सांगावी लागते: मेगर लावताना हीटर कार्डापासून पूर्ण सुटा हवा. ५०० व्होल्ट कार्डात शिरले तर नसलेला दोष तयार होतो.

कटआउट दोन्ही मिटलेले.

सेन्सर काढून घेतला. हा एनटीसी जातीचा, म्हणजे तापला की रोध कमी होतो. खोलीत १८ अंशांना १३.८ किलोओहम. पेल्यात ४० अंशांचं पाणी घेऊन बुडवला तर ५.३, आणि ६० अंशांना अडीचच्या आसपास. पंचवीस अंशांना दहा किलोओहम असणाऱ्या सेन्सरची चाल अशीच असते. तो खोटं बोलत नाही.

गाळणीखाली लिंबाची बी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या. पंपाचा पंखा मोकळा फिरतो.

नवऱ्याने विचारलं, मग बिघडलंय काय? सुटं सुटं पाहिलं तर काहीच नाही. असे दोष चालू यंत्रातच सापडतात.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचं काम वीज चालू ठेवून करायचं, म्हणून पद्धत आधी ठरवली. मीटरच्या तारांना मगर-चिमटे. चिमटे प्लग काढलेला असतानाच लावायचे, वर रबरी टोप्या. मीटर हातभर लांब स्टुलावर. मग प्लग, मग चालू. चालू असताना यंत्राला कुणाचाच हात लागायचा नाही. नवरा एमसीबीपाशी उभा. आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा आहे, बटण दाबून तो पडतो हे आधी पाहिलं. ज्यांना हे करायची सवय नाही त्यांनी आठवड्यापूर्वीच्या नोंदीपाशीच थांबावं आणि पुढचं काम जाणत्या माणसाला द्यावं.

यंत्र आता उभं, बगलेचा पत्रा काढलेला.

पहिलं मोजमाप: हीटरच्या दोन्ही तारा सोडवून, त्यांच्या रिकाम्या टोकांमध्ये. पाणी भरलं, पंप सुरू झाला, थोड्या वेळाने दारातून रिलेचा "टक्" आवाज आला. मीटरवर २२६ व्होल्ट.

नवऱ्याचा चेहरा उजळला. "वीज तर येऊन राहिली! मग हीटरच ना?"

थांब म्हटलं. प्लग काढला, तारा हीटरला परत जोडल्या, चिमटे त्याच टोकांवर ठेवले आणि पुन्हा सुरू केलं. "टक्" झालं. मीटरवर ३ व्होल्ट.

सगळं गुपित याच फरकात आहे. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह खात नाही. वाटेत कुठे तडा गेलेला जोड असेल, केसाएवढा स्पर्श उरला असेल, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. त्याच वाटेवर आठ अँपिअर मागणारा हीटर बसवला की सगळं व्होल्टेज त्या तड्यातच संपतं आणि हीटरपर्यंत काही पोचत नाही. रिकाम्या टोकांवर वीज दिसली म्हणून वाट धड आहे असं होत नाही. मोजायचं ते लोड जोडून.

तडा कुठे आहे ते शोधायला उलट्या बाजूने जायचं. जी कडी नीट मिटलेली आहे तिच्या दोन टोकांत व्होल्टेज दिसत नाही. जी अडवते तिच्या टोकांत सगळं दिसतं. प्रेशर स्विचच्या दोन टोकांत: शून्य. कटआउटच्या: शून्य. यंत्रात येणारा फेज आणि कार्डातून हीटरकडे निघणारी तार यांच्यात: २२३ व्होल्ट.

रिले वाजतो, पण कार्डातून प्रवाह बाहेर येत नाही. दोष कार्डावर आहे.

१४ डिसेंबर, रविवार

कार्ड दारात आहे. दाराच्या आतल्या कडेचे चांदणी-आकाराचे स्क्रू काढावे लागतात. बाहेरचा पत्रा सुटला की दार एकदम हलकं होतं आणि तोल धरणाऱ्या स्प्रिंगा ते वर झटकतात. हनुवटी जवळ ठेवू नये. दार आधीच दोरीने खालच्या जाळीला बांधून टाकलं.

कार्ड उलटं केल्याबरोबर दिसलं. हीटरच्या रिलेखाली पाटीचा रंग तपकिरी. भिंग लावलं: रिलेच्या एका जाड पायाभोवती सोल्डरमध्ये गोल चीर, पाय मधोमध सुटा. बोटाने रिले हलवला की पायही हलतो.

असं का होतं? हीटर लागला की पाय तापतो, बंद झाला की निवतो. तांबं, पितळ, सोल्डर आणि पाटी वेगवेगळ्या मापाने फुगतात. सहा वर्षं रोजचं हेच. त्यातून कारखान्यातलं सोल्डर त्या पायाला अगदी बेताचं लागलेलं दिसतं. एकदा चीर सुरू झाली की ती स्वतःला वाढवते: जोडाचा रोध नुसता एक दशांश ओहम झाला तरी ८.३ अँपिअरला त्या टिपक्यात जवळपास सात वॅट उष्णता तयार होते. माझी सोल्डरिंगची लहान इस्त्री पंचवीस वॅटची आहे. राईएवढ्या जागेत सात वॅट म्हणजे पाटी तपकिरी होणारच.

कंपनीच्या माणसाने असेंब्ली बदलली असती तर? नवा हीटर, जुनंच कार्ड, पाणी तसंच थंड. मग दुसऱ्या फेरीत "कार्डही गेलं".

१७ डिसेंबर, बुधवार

कॉलेज सुटल्यावर बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार. रिले घेताना चार गोष्टी जुळवल्या: कॉइल १२ व्होल्ट, संपर्क १६ अँपिअर २५० व्होल्ट, पायांची मांडणी आणि उंची. उंची विसरली तर कार्डावरचं झाकण बसत नाही. पहिल्या दुकानात १० अँपिअरचा दाखवून "चालून जाते मॅडम" म्हणाले. पुढच्या गल्लीत हवा तो मिळाला. शंभराच्या नोटेत दोन आले आणि वर चहापुरते सुटे उरले.

२० डिसेंबर, शनिवार

सोल्डरिंग प्रयोगशाळेत केलं, घरच्या इस्त्रीत तेवढी ताकद नाही.

कार्डावर ओलाव्यापासून वाचवणारा लाखेसारखा थर आहे. तो कामापुरता खरवडला. मूळ सोल्डर शिशाविना असल्यामुळे लवकर वितळत नाही. त्यावर थोडं साठ-चाळीसचं (कथील-शिशाचं) नवं सोल्डर टाकलं की मिसळून सैल होतं आणि सकरने ओढता येतं. घाईत जोर लावला तर तांब्याची पट्टी पाटीपासून उचकटते. एका जागी ती थोडी सुटलेलीच होती, जळक्या भागात.

जुना रिले बाहेर काढल्यावर कुतूहल म्हणून १२ व्होल्ट दिले. टकटक नीट वाजतो. दोन अँपिअर सोडून संपर्काचा व्होल्टेज ड्रॉप मोजला, तोही फार वाईट नाही. म्हणजे रिले जवळपास निर्दोष, दोष फक्त त्याच्या पायातल्या जोडाचा. तरी नवाच बसवला. एवढं उघडल्यावर सहा वर्षांचा जुना रिले परत लावण्यात कसली काटकसर?

जळका भाग स्वच्छ केला. पायापासून पुढच्या टर्मिनलपर्यंत तांब्याची जाड एकतारी तार पट्टीवर झोपवून पूर्ण लांबी सोल्डर केली, म्हणजे प्रवाहाला पट्टीच्या भरवशावर राहायला नको. नंतर कार्डावरच्या बाकीच्या जाड पायांनाही नवं सोल्डर दिलं. शेवटी लाखेचा थर परत.

प्रयोगशाळेतले दोन विद्यार्थी बघत होते. एकाने विचारलं, "मॅडम, कार्डच नवीन घेतलं असतं तर?" त्याला भिंगातून चीर दाखवली. मोबाइलवर फोटो काढून घेतला त्याने.

संध्याकाळी घरी बसवलं. रिकामं यंत्र, सत्तर अंश, क्लॅम्प लावून. पंप सुरू: ०.४. मग "टक्" आणि ८.७ अँपिअर. हीटर ८.३, पंप ०.४, कागदावरच्या हिशेबाला चिकटून. पंधराएक मिनिटं तसाच राहिला आणि मग आपोआप उतरला. वाटीतलं पाणी ६६ अंश. दार उघडलं तर चष्म्यावर वाफ.

२४ डिसेंबर, बुधवार

भांडी भरून लावलं तर काम अर्धवट. भांडी कोमट, तेलकटपणा कमी झालेला पण आहेच.

क्लॅम्प पुन्हा लावला. ८.७ येतो, काही सेकंदांत ०.३ वर पडतो, पुन्हा येतो, पुन्हा पडतो. पंपाचा आवाजही एकसारखा नाही, मधेच घोगरा. प्रवाह पडतो तेव्हा रिलेचा आवाज येत नाही. म्हणजे कार्ड हीटर तोडत नाही, प्रेशर स्विच तोडतोय. दाब टिकत नाही, पंप हवा ओढतोय.

मधेच थांबवून दार उघडलं. आत ढगासारखा फेस, खालच्या जाळीपर्यंत.

घरात चौकशी केली. आधी कुणीच कबूल नाही. मग नवरा: "दोनच थेंब टाकतो ना मी, भांडी घासायच्या लिक्विडचे. गोळीने तर्री जात नव्हती." कधीपासून? दिवाळीपासून.

त्याचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं, घासणीवर ते लिक्विड तर्री काढतंच. पण ते फेस व्हावा म्हणूनच बनवलेलं असतं आणि डिशवॉशरचा साबण फेस होऊ नये म्हणून. फेस झाला की पंपाला पाणी कमी आणि हवा जास्त मिळते, दाब पडतो, स्विच उघडतो, हीटर सुटतो. पाणी थंड म्हणून लिक्विड, आणि लिक्विडमुळे पाणी थंड. आधी जोड गेला की आधी फेस आला? जोडाचं दुखणं जुनं असणार, चिरेभोवतीचा तपकिरी रंग दीड महिन्यात येत नाही. पण हीटर असा वारंवार लागत-सुटत राहिला असेल तर उरलासुरला स्पर्श या फेसानेच संपवला असेल.

उपाय सोपा. पाणी काढून टाकलं, फेसावर चमचाभर फल्ली तेल शिंपडलं. बघता बघता बसला. मग थंड पाण्याचे छोटे फेरे, पाणी साधं दिसेपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "तेल काढाले मशीन घेतली अन् आता मशीनमंदी तेल टाकते." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लिक्विडची बाटली सिंकच्या पलीकडच्या खणात हलवली.

२८ डिसेंबर, रविवार

उघडलंच आहे तर पाण्याचंही बघितलं. आमच्याकडे महापालिकेचं पाणी आणि बोअर दोन्ही एकाच टाकीत पडतं. पालिकेचं पेंच नि कन्हानचं पाणी सौम्य असतं, जडपणा सगळा बोअरचा. थेंबांच्या किटने टाकीच्या पाण्याचा कठीणपणा तपासला: ३६० मिलिग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, हवीशी मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

यंत्राच्या पुस्तिकेत हे जर्मन अंशांत मागतात. एक अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम, तर आपले वीस. यंत्रावर पाणी मऊ करण्याची मांडणी होती कारखान्यातून आलेली, बरीच खालची. वाढवली. पाणी मऊ करायला लागणाऱ्या मिठाचा कप्पा जवळजवळ रिकामा होता, कारण मीठ संपल्याचा दिवा सगळ्यांच्या सवयीचा झाला होता. त्यात डिशवॉशरचं जाड मीठच घालायचं. जेवणातलं आयोडीनचं बारीक मीठ घट्ट होऊन बसतं.

हीटरच्या नळीत क्षार साचला असणारच. रिकाम्या यंत्रात दीडशे ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून गरम कार्यक्रम चालवला. गाळणीत पांढरट कपच्या आल्या. ब्लीच किंवा दुसरं काही सोबत टाकायचं नाही, क्लोरीन सुटतो.

११ जानेवारी, रविवार

काल घरी पाहुणे, सावजी मटण. गंज, कोपर, सराटा, वाट्या, सगळं एकाच फेरीत. हिंडालियमची कढई आणि बीडाचा तवा नेहमीप्रमाणे हाताने, ते आत घातले तर काळे पडतात नाहीतर गंजतात.

नळाचं पाणी १५ अंश. क्लॅम्पवर ८.६, मधे एकदाही पडला नाही. वाटीत ६१. राहिलेल्या वेळेचा आकडा एका जागी अडकला नाही. सासूबाईंनी गंजात बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि गंज फळीवर ठेवून दिला.

राहिलेली कामं: प्रेशर स्विचचे संपर्क फेसाच्या काळात बरेच ठिणगलेले असणार, एक स्विच मागवून ठेवायचा. सहा महिन्यांनी दार उघडून नव्या जोडाचा रंग बघायचा. शेजारच्या वहिनींचं यंत्रही "थोडं थंड" धुतं म्हणे. त्यांच्याकडे एक्स्टेन्शन आणि क्लॅम्प घेऊन जायचं, स्क्रू ड्रायव्हर घरीच ठेवायचा.

आणि मे महिन्यात मोजमाप परत घ्यायचं, पण तेव्हा वाटीतल्या थर्मामीटरवर भरवसा ठेवायचा नाही. टाकीतूनच चाळीस अंशांचं पाणी येत असेल तेव्हा फक्त क्लॅम्पवरचा ८.७ धरायचा.